दोन मासे तांबं

हैदराबाद
६ जानेवारी २०२५

ती. आप्पामामांस,
शिवांजलीचा नमस्कार.

फोन केला की तुमचा केदारदादा उचलतो, मग माझं बोलणं तो तुमच्या उजव्या कानाशी ओरडून सांगतो आणि सगळं सिरसाळा गाव ऐकतं. मला जे विचारायचंय ते तुमच्याशिवाय कुणी ऐकू नये. म्हणून पत्र. हसू नका, चार वर्षांत हाताने एवढं कधी लिहिलं नव्हतं.

माझं इथलं काम तुम्हाला एकदा सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हंजे सोनं इरघळवायला सरकार पगार देतंय?" तर तेच. सोनं तेजाबात विरघळवायचं, त्यात दुसरी द्रव्यं घालून त्याची पूड करायची आणि ती पूड उजेड देते का ते बघायचं. तुमच्या दुकानात गल्ल्याशेजारी नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे ना, तसल्याच दिव्याखाली धरून.

सप्टेंबरमध्ये ती उजळली, मामा. भट्टीतल्या निखाऱ्यासारखी शेंदरी. आमच्या प्रियदर्शनी मॅडम, ज्यांच्या हाताखाली मी संशोधन करते, त्या कधी हसत नाहीत. त्या हसल्या. आम्ही लेख लिहिला, "केवळ सोन्यापासून असा प्रकाश", आणि परदेशातल्या एका नियतकालिकाकडे पाठवला. त्यांनी म्हटलं, छान, पुन्हा करून दाखवा.

ते पुन्हा होत नाहीये. अकरा वेळा केलं. अकराही वेळा मेल्या राखेसारखी पूड.

आता मॅडमना जे ठाऊक नाही ते तुम्हाला सांगते. सप्टेंबरचं सोनं संस्थेचं नव्हतं, नंतरच्या अकरा वेळांचं होतं. खरेदीचं घोडं तीन महिने अडलेलं होतं आणि मला धीर नव्हता. मी कड्याला घरी गेले तेव्हा आईने तिच्या बोरमाळेचे तीन मणी काढून रुमालात बांधून दिले. तुम्ही तिच्या लग्नात केलेली ती माळ. ती घालत तर नाहीच. मी मण्यांतली लाख तापवून काढली, सोनं विरघळवलं आणि बाटलीवर लिहिलं: शुद्ध. आप्पामामाच्या सोन्याला कस लावायची आमच्या घरात रीत नाही, म्हणून तपासलं नाही.

उजळलेली पूड मोहरीच्या दाण्याएवढी उरलीय. ती तपासायची तर संपून जाईल, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढीच आहे. २० फेब्रुवारीला संस्थेच्या समितीसमोर प्रयोग करून दाखवायचाय. जमलं नाही तर मी खोटं लिहिलं असं ठरेल. चार वर्षं पाण्यात, आणि वर हा डाग.

त्या मण्यांत काय होतं? रागावू नका. मला झोप नाही, जेवण गोड लागत नाही. लवकर लिहा.

तुमची
शिवांजली


॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
सिरसाळा
१५ जानेवारी २०२५

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पाकिटात घालणार होतो, पण तुझ्याआधी मुंग्यांनी पत्र वाचलं असतं. गोड बोलायचा दिवस कालच गेला, म्हणून आज स्पष्ट लिहितो.

मण्यांत काय होतं म्हणजे? सोनं होतं. पस्तीस वर्षं या गादीवर बसतोय. आता यंत्राचा शिक्का लागतो, पण त्याआधी माझा, या रेवणप्पाचा शब्द हाच शिक्का होता. परळीपासून माणसं येत आणि कसोटी पुढे केली की म्हणत, "असू द्या आप्पा, लाजवता का." आणि घरची पोर विचारते काय होतं. शिकून तुम्ही लोक मोठे झालात, चांगलं आहे.

माझं ऐक. दोष भांड्यात बघ. हैदराबादचं पाणी जड आहे. सप्टेंबरात हवा दमट असते, आता कोरडी. आमच्या डागकामाला, सांधे जोडायलासुद्धा हवा बाधते, मग तुझ्या नाजूक कामाला का नाही बाधणार? शिवाय घाई. तुझ्या आजोबांचं म्हणणं होतं की सोनं आटवायच्या मुशीपुढे घाई करणाऱ्याने हलवाई व्हावं.

एक विचारायचं होतं. शांताने, तुझ्या आईने, माळ कशाला तोडली? तीनच मणी दिले की आणखी काढले? बाकीची माळ कुणाला दाखवली तर नाही ना? आणि तू तिच्याशी या विषयावर काही बोलली नसशील तर आता बोलू नकोस. तिला रक्तदाबाचा त्रास आहे, उगाच जिवाला घोर.

केदारनाथ मजेत. माझा डावा कान पूर्ण गेला, उजवा जायच्या वाटेवर आहे.

तुझा
आप्पामामा


हैदराबाद
२२ जानेवारी २०२५

ती. आप्पामामांस नमस्कार.

पाणी बदललं. भांडी नवी घेतली. तुमच्या समाधानासाठी खोलीत दमट हवासुद्धा केली. पूड राखच.

मग मी सप्टेंबरची वही काढली आणि माझंच अक्षर वाचून थंड पडले. सोनं विरघळलं की पाणी पिवळं व्हायला हवं. मी लिहून ठेवलंय: "किंचित हिरवट. कपाटाच्या काचेची झाक असावी." काच! चार वर्षं ज्या काचेतून बघतेय तिच्यावर मी ढकललं, कारण मामाच्या सोन्यावर ढकलायचं सुचलंच नाही.

हिरवट म्हणजे तांबं असू शकतं. आमच्या शास्त्रात हे नवं नाही. एकट्या सोन्याची पूड बहुतेक वेळा मुकी असते, पण शेजारी तांबं, चांदी असा दुसरा धातू बसला की दोघांमध्ये असं काही जुळतं की उजेड बाहेर पडतो. म्हणजे मी ज्याला केवळ सोन्याचा प्रकाश म्हणाले तो कदाचित जोडीचा असेल. पण कोणती जोडी आणि कोणत्या प्रमाणात? चिमूटभर इकडे तिकडे झालं की दिवा बंद. एकेक प्रमाण करून बघायचं तर वर्ष जाईल. माझ्याकडे चार आठवडे आहेत.

मामा, सरळ विचारते, कारण आडून विचारायला वेळ नाही. तांबं घातलं होतं का? किती? डागकामाचं असेल, सोनं टणक व्हावं म्हणून घातलं असेल, तुमच्या धंद्यात ते होतं हे मलाही कळतं. मी कुणाला न्यायाला बसवत नाहीये.

आणि हो, आईला विचारलं. तुमचं पत्र यायच्या आधीच फोनवर विचारून झालं होतं. ती म्हणाली, "मामाला इचार. त्यालाच ठावं." आणि लगेच शेंगदाण्याच्या चटणीचं विचारू लागली.

लवकर लिहा.

शिवांजली


हैदराबाद
३ फेब्रुवारी २०२५

आप्पामामा,

बारा दिवस झाले. स्पीड पोस्टाची पावती सांगते की २७ तारखेला पत्र तुमच्या हातात पडलं.

परवा मी मॅडमना सगळं सांगितलं. मणी, रुमाल, आई, बाटलीवरचा "शुद्ध" हा शब्द. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, सोनं कुठलं आणि त्यात काय हे वीस तारखेपर्यंत सांगता आलं नाही तर लेख मी स्वतः मागे घेईन आणि कारणही लिहीन. कारणात माझं नाव असेल.

मी रागावून लिहितेय हे कळू द्या. लहानपणी तुमच्या दुकानात बसून मी कसोटीवर सोन्याच्या रेघा ओढायचे. तुम्ही म्हणायचात, दगड खोटं बोलत नाही. दगडाचं सोडा, तुम्ही तरी बोला.

शि.


॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
सिरसाळा
८ फेब्रुवारी २०२५

चि. शिवांजलीस,

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला उत्तर ठाऊक होतं. तरी पाणी, हवा, भांडी लिहून पाठवलं. आधी त्याची माफी. बाकीची पुढे मागतो.

आमचा दस्तगीर तुला आठवत असेल. मूस धरणारा, पांढऱ्या दाढीचा. तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून माझ्याकडे कारागीर आहे. तुझं तिसरं पत्र मी दुकानात वाचलं आणि गादीखाली सरकवत होतो. त्याने ओढून घेतलं. कामाच्या चष्म्याने पूर्ण वाचलं. मग मला ऐकू जावं म्हणून नव्हे, चिडून ओरडला, "आप्पा, पोरीचं नाव बुडायलंय आन् तुमी कावून गप बसलाव? तुमी लिवा, न्हाईतर मी हैदराबादला जातो. मूस मी धरलीती. तांबं म्या घातलतं, तुमच्या सांगण्यावरनं." दुकानात दोन बाया पैंजण बघत होत्या. त्या उठून गेल्या.

ऐक आता. शांताचं लग्न ब्याण्णव सालचं, वैशाखातलं. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले आणि गादीवर मी नवा. शांताच्या बोरमाळेचं सोनं वडिलांनी स्वतः बाजूला काढून ठेवलेलं होतं. त्याच महिन्यात एक परका माणूस जुन्या पाटल्या विकायला आला. मी कसोटीवर रेघ ओढली, वरवर ओढली. कानस लावून आतलं बघायचं असतं, तेवढा दम मला नव्हता. पाटल्या घेतल्या, आटवल्या आणि अर्जुनराव म्हणून आमचं मोठं गिऱ्हाईक होतं, त्यांच्या लेकीच्या हातातले गोट त्यात केले. गोट घरी पोचले आणि मग उरलेल्या तुकड्यावरून दस्तगीरने ओळखलं की माल हलका आहे.

मी पॉलिशचं निमित्त करून गोट परत आणले आणि नवे करून दिले. शांताच्या सोन्यातून. अर्जुनरावांना आजतागायत कळलेलं नाही. शांताच्या वाट्याला सोनं कमी उरलं, तेव्हा मी दस्तगीरला म्हणालो, तांबं घाल, वरून चांगला मुलामा दे. गिऱ्हाईकाचं खरं केलं आणि बहिणीचं खोटं केलं. वडिलांना सांगितलं तर त्यांना धक्का बसेल, असं तेव्हा मनाशी म्हणत होतो. खरं म्हणजे मला लाज वाटली.

वर्षभरात माळ बदलून देऊ असं ठरवलं होतं. पण पहिल्या पंचमीला शांता माहेरी आली ती गळ्यात माळ न घालता. विचारलं तर म्हणाली, सोसत नाही. मी समजलो. तिला कळलंय आणि ती माझ्यावर रुसलीय. त्यानंतर बदलून देतो म्हणायचं म्हणजे कबूल करायचं. ते तोंडातून निघालं नाही. दर भाऊबीजेला मी तिच्या मोकळ्या गळ्याकडे बघतो आणि ताटात जास्तीचं काहीतरी घालतो. तेहतीस वर्षं झाली.

आता तुला हवं ते. तोळ्याला दोन मासे तांबं. बारा माशांचा तोळा, म्हणजे दहा मासे सोनं आणि दोन मासे तांबं. चांदी नाही, जस्त नाही. तांबं आमच्या पाणी तापवायच्या जुन्या बंबाच्या कडेचं होतं, अस्सल. दस्तगीर म्हणतो, लिहा की गुंजभरसुद्धा फरक नाही, त्याचा हात तेव्हा पक्का होता.

हे तुझ्या मॅडमना दाखव, समितीला दाखव, माझं नाव लिहायचं तर लिही. फक्त शांताला तू सांगू नकोस. ते माझं काम आहे आणि ते कसं करायचं मला कळत नाही.

आप्पामामा


हैदराबाद
२१ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पामामांस शि. सा. नमस्कार.

उजळली! उजळली, उजळली, उजळली!

तुमचं पत्र तेरा तारखेला आलं. मी ते जिन्यातच वाचलं आणि जिन्यातच हिशोब मांडला. वजनाने दहाला दोन. पण तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा फार हलका, म्हणून अणू मोजले तर दर तीन सोन्यामागे जवळजवळ दोन तांब्याचे. कंपनीचं शुद्ध सोनं घेतलं, कंपनीचं शुद्ध तांबं घेतलं. पहिल्या खेपेला फिकट आली, दुसऱ्या खेपेला सप्टेंबरसारखी. आणि काल समितीच्या पाच जणांसमोर पडदे ओढून दिवा लावला. त्यातल्या एका म्हाताऱ्या सरांनी खुर्ची इतकी पुढे ओढली की माझ्या पायावर आली.

फुकटात काही सुटलं नाही. जुना लेख मागे घ्यायचा, कारणासकट. "केवळ सोन्यापासून" हे माझं लाडकं वाक्य गेलं. नवा लेख सोनं आणि तांबं दोघांच्या नावाने लिहायचा, म्हणून पदवी सहा-आठ महिने लांबली. न तपासता "शुद्ध" लिहिलं म्हणून लेखी समज मिळाली आणि ती मला मिळायलाच हवी होती. पण खोटारडी ठरले नाही. काल रात्री पोटभर जेवले.

तुमचं नाव कुठे लिहिलेलं नाही. "घरातला जुना दागिना, प्रमाण कारागिराने सांगितले" एवढंच लिहिलंय. दस्तगीरचाचांना सांगा, कारागीर म्हणजे ते.

सोबत काचेची बंद नळी आहे. आत तिळाएवढी पूड आहे. नळी फोडू नका, हात लावू नका, केदारदादाला चाखू देऊ नका. दुकानाचं शटर अर्धं ओढून नोटांच्या दिव्याखाली धरा.

मामा, तुमच्यावर मी रागावले होते आणि थोडी अजून आहे. पण माझ्या बाबतीत तुम्ही उशिरा का होईना खरं बोललात. आईशीही बोला. मी तिला अक्षरानेही सांगितलेलं नाही.

शिवांजली


सिरसाळा
२ मार्च २०२५

चि. सौ. शांतास अनेक आशीर्वाद.

तुला पत्र लिहिल्याला किती वर्षं झाली मला आठवत नाही. महाशिवरात्रीला परळीला दर्शनाला गेलो आणि रांगेत उभं राहून ठरवलं की आता लिहायचंच. तरी चार दिवस गेले.

तुझ्या बोरमाळेत तोळ्याला दोन मासे तांबं आहे. मी घातलं. कसं आणि का ते सोबतच्या कागदावर सविस्तर लिहिलंय. ते वाचून तुला जे वाटेल ते वाटू दे. इथे एवढंच लिहितो की मी तुला फसवलं, आणि तू रुसलीस हे कळत असूनही तेहतीस वर्षं न कळल्यासारखं केलं.

शिवांजलीने पूड पाठवलीय. दस्तगीरने शटर ओढलं. खोट्या नोटा धरायचा दिवा, त्याखाली मी नळी धरली. शांता, ती उजळली. तुझ्या मण्यांसारख्याच मिश्रणातून निघालेला रंग, पिकल्या बोराचा. दस्तगीर म्हणाला, "या अल्ला," आणि खाली बसला. मी रडलो. मला ऐकू येत नाही, त्यामुळे मोठ्याने रडलो असेन. केदारनाथ आतून धावत आला.

माळ पाठवून दे. चोख सोन्याची नवी करून आणतो. येऊ का, तेवढं कळव. नको म्हणालीस तर टपालाने पाठवीन.

तुझा
आप्पा


कडा
९ मार्च २०२५

प्रिय आप्पास,
शांताचा नमस्कार.

सोबतचा कागद वाचला. अर्जुनरावांचे गोट मला माहीत नव्हते. तांबं माहीत होतं.

लग्नानंतर महिनाभरात ज्येष्ठाचं ऊन, स्वयंपाकघरात घामाच्या धारा आणि माझ्या मानेभोवती हिरवी रेघ. आपण सराफाच्या घरात वाढलो, आप्पा. मला कळायला कसोटी लागत नाही. सासूबाईंनी विचारलंच, "मान हिरवी कशानं गं?" मी म्हटलं, उटण्यात पाला होता. त्याच दिवशी माळ उतरवली आणि ट्रंकेत तळाशी ठेवली. पुन्हा गळ्यात घातली असती तर पुन्हा रेघ उमटली असती, आणि कड्यात सगळ्यांनी म्हटलं असतं की सिरसाळ्याच्या रेवणप्पाने बहिणीला हलकं सोनं दिलं. मग तुझ्या गादीवर कोण आलं असतं? मी रुसले नव्हते. मी तुला झाकत होते. आणि तू दर भाऊबीजेला ताटात जास्तीचं घालून माझ्याकडे अपराध्यासारखा बघायचास, तेव्हा मला वाटायचं, हा विचारत का नाही? विचारलं असतंस तर पाच मिनिटांत मिटलं असतं. दोघंही गाढव.

शिवांजली सोनं मागत आली तेव्हा मी हिशोब केला. तिथे तेजाबात विरघळवतात, म्हणजे तीन मणी तरी कायमचे गेले. पुढे आणखी मागितले तर आणखी देईन, सगळी माळ संपेल, आणि तुझं कुणाला कधी कळणार नाही. मी ते नाहीसं व्हावं म्हणून दिलं होतं, आणि पोरीने त्याचा दिवा लावला. तिने फोनवर विचारलं तेव्हा मीच सांगू शकले असते. तुझ्या तोंडून निघायला हवं होतं, म्हणून तुझ्याकडे बोट दाखवलं.

ये. लवकर ये. नळी घेऊन ये, मला बघायचीय. दस्तगीरभाईंनाही आण.

चोख माळ मला नको. उरलेले मणी मी ट्रंकेतून काढलेत. रेशीम कुजलंय, पटवेकऱ्याकडून नव्या गोफात ओवून घेईन. तीन मणी कमी पडतात, तेवढे करून आण. आधीच्यासारखेच, तोळ्याला दोन मासे तांबं घालून, दस्तगीरभाईंच्या हातचे. चोख आणलेस तर दारातून परत पाठवीन.

यंदा उन्हाळाभर घालणार आहे. आता सासूबाई नाहीत आणि मला उटण्याचं नाव सांगायचं नाही. कुणी विचारलं मान हिरवी कशानं, तर सांगेन, माझ्या भावाने केलेली माळ आहे.

तुझी
शांता